दोन गुण

मी गुण लिहायचे. एवढंच.
टेबलाच्या टोकाला बसून, थर्मास पायाशी,
एक पेन्सिल हातात, दुसरी कानामागे.
बास्केट पडली की दोनाचा आकडा,
लांबून पडली की तीनाचा,
फ्री थ्रोला एक गोल. पडला तर भरायचा,
हुकला तर पोकळच ठेवायचा.

तो आला तेव्हा एकोणीस वर्षांचा, लुइझियानातून,
नेब्रास्काच्या जानेवारीत कॅनव्हासचे बूट घालून.
कॉर्नेलियस प्रेझाँ.
माईकवरचा हॅरॉल्ड चारही वर्षं ‘प्रीजीन’ म्हणत राहिला.
मी पहिल्याच रात्री त्याला विचारून घेतलं.
नावच चुकलं तर बेरीज कुणाची?

साखर कारखान्यातल्या बिटांचा वास जिममध्ये शिरायचा
आणि त्याच्या शॉटला आवाज नसायचा,
नुसती जाळी हलायची,
कुणी ओला रुमाल झटकावा तशी.
शुक्रवारी एकतीस. शनिवारी चव्वेचाळीस.
चर्चबाहेर बायका त्याचे आकडे बोलायच्या,
पूर्वी बर्फाचे इंच बोलायच्या तसे.
त्याच्या ओळीत आकडे मावेनात,
मी समासात लिहू लागले.
चार वर्षं मिळून दोन हजार नऊशे चौदा.
अजून आहे तो फलक, बाहेरच्या दारावर, जरा तिरका.

मग वरच्या लोकांनी त्याला उचललं.
दुसरी फेरी, शेवटून तिसरा.
अकरा सामने. एकोणीस गुण.
ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिले.
मी पेपरातल्या बारीक टायपात भिंग घेऊन शोधायचे.
फोनवर म्हणाला, इथे सगळेच
आपापल्या गावचे चव्वेचाळीस आहेत.

मग फिनलंड, कोऊव्होला नावाचं गाव.
मग तुर्कस्तानातलं एक बंदर, तीन महिने पगार नाही.
मग उरुग्वेत एक मोसम, छत गळायचं
आणि रेफरी शिट्टी तोंडात धरून फरशी पुसायचा.
दर नाताळात कार्ड यायचं. सही, आणि सहीखाली सरासरी.
२२.४
१७
९.८
शेवटच्या कार्डावर नुसती सही.
मी उलटून पाहिलं.

कोचच्या अंत्यविधीला आला, एक गुडघा न वाकवता.
ओमाहात लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाला,
दिवसभर वर-खाली, उडी न मारता.
हातातलं सँडविच तसंच होतं.
“मिसेस स्टॉर्कसन, माझ्या तिसऱ्या वर्षी,
हेस्टिंग्जविरुद्ध, शेवटचा मिनिट.
ते दोन माझे नव्हते.
चेंडूला लायलचं बोट लागलं होतं.”

लायल हूक्स्ट्रा. चार वर्षांत एकशे सहा गुण.
बाकावरून उठताना कायम टॉवेल घडी करून ठेवणारा.

मला ठाऊक होतं. त्याच क्षणी ठाऊक होतं.
पण अख्खं जिम प्रीजीन, प्रीजीन ओरडत होतं
आणि माझा हात त्या ओरडण्याच्या मागे गेला.
त्या दोनाच्या शेजारी मी एक टिंब ठेवलं होतं,
कुणाला कळणार नाही एवढं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, घरी जाऊन बघते.

वही तळघरात होती, जुन्या पडद्यांखाली.
टिंब होतं.
मी लायलला फोन लावला, तो आता टायर विकतो.
मागे कुठेतरी पाना फरशीवर पडला.
मी सगळं सांगून होईपर्यंत तो गप्प,
मग म्हणाला, “डाव्या हाताचं. मधलं बोट.”
आणि हसला.
“राहू द्या, मिसेस स्टॉर्कसन.
त्याच्याकडेच असू देत.”

मी खोडरबर खाली ठेवलं.
थोड्या वेळाने पुन्हा उचललं.