पंधरा भागिले सव्वीस

राळेगावला एसटी स्टँडच्या मागे,
झेरॉक्सच्या दुकानावर माझी पाटी आहे.
कामगार, पीएफ, ग्रॅच्युइटी.
आधी तिथे आणखी एक शब्द होता,
तो मी रंगवून टाकला. उन्हाळ्यात रंग पोपडतो
आणि शब्द दिसतो: व्यवस्थापन.

बत्तिसाव्या वर्षी मी करार लिहिला
सूतगिरणीच्या कार्यकारी संचालकांचा.
एकोणीस पानं. जीप, ड्रायव्हर,
नागपुरातल्या बंगल्याचं भाडं,
पत्नीच्या दातांचाही खर्च,
आणि कलम चौदा, माझं आवडतं:
गिरणी चालू असो वा बंद,
सेवा अखंड आहे असेच मानण्यात येईल.
साहेबांनी दोनदा वाचलं.
"बोंदरे, तुम्ही वकील की वेल्डर?
फट नाही कुठे."
त्या फीमध्ये माझ्या घरावर स्लॅब पडला.

गिरणीला कुलूप लागलं तेव्हा साहेब पुण्यात होते.
नुसत्या शिल्लक रजेचे एक लाख नव्वद हजार निघाले.
मीच काढून दिले.

मग पंचफुला निखाडे आली.
वाइंडिंग खातं, बावीस वर्षं, बदली कामगार.
बदली म्हणजे रोज पहाटे फाटकाशी उभं राहायचं,
दुसरं कोणी आजारी पडलं तर आपलं बरं.
हजेरीपट गिरणीने उंदरांच्या नावे केले होते.
आणि कायदा विचारतो, वर्षाला दोनशे चाळीस दिवस दाखवा.

"कागद आहे का काही?"
तिने पिशवीतून कॅलेंडरं काढली,
सुतळीने बांधलेली बावीस वर्षं.
तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने
अर्धा. अर्धा. पाऊण. पाऊण. अर्धा.
"बाई, हा तर दुधाचा हिशोब."
"दुधाचाच हाय जी.
कामावर जावो त्या दिवशी पाव जास्त घेवो,
पहिले पोट्ट्यासाठी, मंग नातवासाठी.
घरी रायली तं अर्ध्यात भागे."

तीन रात्री मी पाऊण मोजले.
बायको म्हणाली, कोर्टाचं काम आहे की डेअरीचं?
दोनशे त्रेचाळीस. दोनशे एक्कावन्न.
एका वर्षी दोनशे अडतीस भरले
आणि मी उठून अंगणात गेलो.
परत येऊन भिंग लावलं.
दिवाळीच्या पानावर, हळदीच्या डागाखाली
दोन पाऊण निघाले.

यवतमाळला समोरचे वकील हसले,
"आता काय गाय साक्षीला आणणार?"
मी म्हटलं, म्हैस होती.
दूधवाला सोमाजी आला, त्याची वही आली.
वही आणि कॅलेंडर एकमेकांना ओळखत होते.

तीन वर्षं चार महिन्यांनी आदेश:
शेवटचं वेतन तीन हजार नऊशे,
भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले बावीस.
एकोणपन्नास हजार पाचशे.

मी तिला कागदावर मांडून दाखवलं.
तिने बोट ठेवत ठेवत पाहिलं. मग म्हणाली,
"महिना सव्वीसचा धरला. मले पंधरा भेटले.
अकरा कोनाचे जी?"
मी म्हटलं, तसं नसतं, तो फॉर्म्युला आहे.
"हो ना," म्हणाली. "असन."

फीमध्ये घासाघीस करून दोनशे कमी केले तिने.
कॅलेंडरं परत मागितली,
मागून कोरी आहेत, नातू चित्रं काढते.

स्लॅबला यंदा पस्तीस वर्षं होतील.
भादव्यात शेजाऱ्यांकडे घमेली मांडतात.
आमच्याकडे कोरडं.
तरी रात्री कधी बॅटरी घेऊन
मी एकेक कोपरा बघत जातो.
फट नाही कुठे.