कुंपणाच्या अलीकडे

लुईस बेट, स्कॉटलंड. १९३४ चा हिवाळा.

डॉक्टरांनी पाठीवर दोन बोटं वाजवली,
कान लावला, आणि म्हणाले, टॉर्किल,
थुंकीचा निकाल येईस्तोवर माणसांत मिसळू नकोस.
एवढंच. हुकूम नव्हता.
हुकूम बजावायला पोलीस लागतो,
आणि तो आमच्याकडे बोटीनं येतो, वारा असेल तसा.

शनिवारी रात्री नॉर्मन आला, माझा मेहुणा,
बुटांचा चिखल दारात झटकत:
उद्या स्तोत्र कोण धरणार?

एकोणीस वर्षं मी ओळ टाकतो
आणि चर्चभर माणसं ती उचलतात,
वाद्य नाही, काही नाही,
कुणी पुढे, कुणी मागे,
डोंगर उतरणाऱ्या कळपासारखी.

ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलंय, नॉर्मन म्हणाला.
मरणाचं भय नाही, असं तूच म्हणतोस ना प्रार्थनेत?
मग एका चिठ्ठीचं कसलं घेऊन बसलास?

खरं होतं. मरणाचं भय मला नव्हतं.
(थोडं होतं, पहाटे तीनच्या सुमारास. ते असो.)

पण माझ्या पेटीसमोर, पहिल्याच बाकावर,
ओइरिक बसते. शेजारीण.
मांडीवर लेकीचं लेकरू, पाच आठवड्यांचं.
लेक बाळंतपणात गेली.
ओळ टाकायला मी तोंड उघडतो
ते थेट त्या दुपट्यावर.

गेल्या साली माझा मेंढा दोर तोडून
तिच्या कोबीत शिरला होता.
नुकसान भरून द्यायला गेलो, तर तिनं चहा पाजला.
तो मेंढा मोकळा नव्हता, नॉर्मन,
मोकाट होता.

असं मी म्हणालो नाही.
मला ते मंगळवारी सुचलं, मागावर बसल्यावर.
त्या रात्री एवढंच म्हणालो:
जा घरी, तुझी पीट भिजतेय बाहेर.

पहिल्या रविवारी नॉर्मननं सूर इतका वर लावला
की तिसऱ्या ओळीला बायका थांबल्या.
खिडकीतून ऐकू आलं. मी हसलो, मग खोकलो,
मग हसायचं राहून गेलं.

प्रभुभोजनाच्या दिवशी
आमच्यात एकच पेला फिरतो, ओठांवरून ओठांवर.
माझ्या जागेपाशी तो क्षणभर थांबला असेल का?
मी घरात, कान तुटलेल्या कपातून
काळा चहा पीत होतो, कप उकळून, पुन्हा उकळून.

म्हणतात, टॉर्किलची श्रद्धा पातळ झाली.
ओइरिकच भिंतीवरून बोलली परवा:
माझ्या पोरीची प्रार्थना होती रे त्या दिवशी,
तेवढ्यापुरता तरी यायचास.
मी मान खाली घातली. तिला सांगितलं असतं
तर तिनं लेकराची रात्रंदिवस छाती ऐकली असती.
आणि तिला झोप हवी.

जे घडत नाही त्याला थडगं नसतं,
त्याच्यावर कुणी नाव कोरत नाही.
चिठ्ठी अजून आलेली नाही. बोट अडकलीय.

काल रात्री वारा पडला,
आणि कुंपणापलीकडून ते लेकरू ओरडलं,
भुकेनं, छाती भरून.
सूर नॉर्मनपेक्षा बरा लावला त्यानं.
घोंगडी तोंडावर धरून
मी ती ओळ उचलली.