साडेसहाशे वॅट

नव्या पेठेतल्या दुकानात
इरण्णानं दोन डबे काउंटरवर ठेवले.
एक झगझगीत, पंख्यात सात रंग,
वर छापलंय साडेसातशे, किंमत निम्मी.
दुसरा काळा, घुम्या,
साडेसहाशेच म्हणतो.

माझं बोट पहिल्यावर.
ग्राफिक्स कार्डानं बोनस गिळला होता,
खिशात उरलं होतं त्याचं शेपूट.

नाना उगाच बरोबर आलेले,
बाहेर बेचाळीस अंश, म्हणून आत.
तीस वर्षं माग दुरुस्त केले त्यांनी,
गेममधलं ओ की ठो कळत नाही.
दोन्ही डबे उचलले,
एक डाव्या हातात, एक उजव्या,
सुताची लडी जोखावी तसे.

"हा पोकळ आहे. तांबं कुठंय?"

मग इरण्णाला विचारलं,
"दुपारी लाइट खाली-वर होते,
तेव्हा आधी कोण मरतं?"
इरण्णा नुसता हसला.
"आणि मरताना कुणाला घेऊन जातं?"
याचं उत्तर मला माहीत होतं.
आमच्या जिन्याखाली अजून पडलीय ती मोटर,
स्वस्तात वाइंडिंग भरलेली.
तिच्यासोबत अख्खा माग गेला होता,
आणि माझी अकरावीची फी.

काळा डबा घेतला. शंभर रुपये उधार.

रात्री अकरा. शेजारचे माग सुरू होतात,
ट्यूब क्षणभर मंदावते.
स्क्रीनवरची लढाई थांबत नाही.
नाना दारातून वाकून
कॅबिनेटच्या मागे तळहात धरतात.
"कोमट आहे," म्हणतात,
"खेळ तू."