काळं

रात्री अकराला मालकांचा फोन, हैदराबादहून,
मागे लग्नाचा बँड.
"पद्मजा, पॅकिंग लिस्ट उघडेना. सगळं काळं दिसतंय."
काळं म्हणजे कसं, मालक?
"काळं म्हणजे काळं. आणि कसं असतं?"

दत्त नगरात आज पाण्याची पाळी,
टाकी भरेपर्यंत जागायचंच होतं.
लॅपटॉप मांडीवर घेतला, खाली ओला टॉवेल,
आपल्याच कारखान्यातला, सेकंड क्वालिटी, काठाशी एक सूत सुटलेलं.

पिंग केलं. लगेच ओ आली.
एसएसएचने आत गेले, काळ्यावर पांढरी अक्षरं.
हा काळा माझ्या ओळखीचा.
सर्व्हिस चालू, हिरवा ठिपका.
पोर्ट तेहतीसशे एकोणनव्वद, मोकळा.
दार आहे, कडी काढलेली आहे,
नाव विचारतं, पासवर्ड घेतं, या म्हणतं,
आणि आत दिवाच लावत नाही.

माग बरा.
सूत तुटलं की खट्.
त्याच धाग्यावरची पत्ती पडते,
बोट ठेवता येतं, हे इथं.
इथे लॉगच्या चारशे ओळी
आणि प्रत्येक ओळ म्हणते, माझ्याकडे सगळं ठीक.

सर्व्हिस दोनदा रीस्टार्ट केली. उगाच. माणूस करतोच.
चोवीस बिटांचे रंग सोळावर आणले.
मालकांचा दुसरा फोन, एव्हाना अक्षता पडून गेल्या होत्या.

मग साधंच विचारलं: हू.
तीन अक्षरांची आज्ञा. आपल्याकडे, कोण?
उत्तर आलं:
डिझाईन. टीटीवाय दोन. रात्री आठ चाळीस.

परत वाचलं.
म्हणजे आठ चाळीसपासून कोणीतरी
तिथं खुर्चीतच बसलंय, सर्व्हरच्या पुढ्यात,
मालक ज्या नावाने शिरतायत त्याच नावाने.
एका नावाचे दोघं तो आत घेत नाही,
दुसऱ्याला काळं दाखवतो.

"मल्लप्पा, ऑफिसात कोण आहे?"
"कोन न्हाई, म्याडम."
जरा थांबून, "अंबादासमामा हायत फक्त."

अंबादास गड्डम. जेकार्डचे पुठ्ठे पंच करायचे, एकतीस वर्षं.
चादरीवरचं फूल आधी त्यांच्या हातून
भोकं होऊन जायचं.
मग सॉफ्टवेअर आलं, मामांना स्टोअरची किल्ली मिळाली.
घरी पत्रा, बाहेर चव्वेचाळीस,
आणि अख्ख्या कारखान्यात रात्री एसी चालतो
तो एकट्या सर्व्हरसाठी.
पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, माझ्याच अक्षरात.

"मामा, काय चाललंय?"
"पत्ते. एक्का अडकलाय बघ खाली."
"जरा बाहेर पडता का? तातडीचं आहे."
"हो हो, पडतो की."

कनेक्ट केलं. काळं.
पाच मिनिटांनी, काळं.
हू? डिझाईन, टीटीवाय दोन. हलायला तयार नाही.
"मल्लप्पा, मामा उठले का नाही?"
"मगाशीच. गेटावर हुबारलेत, चप्पल घालून.
तुमीच म्हनला न्हवं, बाहेर पडा."

शब्द माझाच होता.
इथूनच एका ओळीत सेशन मारता आलं असतं,
टाईपही केली होती ती ओळ.
पुसली.
म्हटलं, आत घ्या त्यांना, गार पाणी द्या.
मामा, वर उजव्या कोपऱ्यात गोल चिन्ह दिसतंय?
त्याच्या खाली. नाही, त्याच्याही खाली. लॉगआउट.
"दोन पत्त्यांत निघाला असता एक्का," म्हणाले,
आणि दाबलं.

पडदा उजळला.
बाराशे डझन, पांढरे, फेसटॉवेल.
मालक पाहिल्यावर नुसतं "हं" म्हणाले.
टाकी केव्हाची भरून वाहत होती,
जिन्यावरून खालच्या बोम्मा वहिनींच्या उंबऱ्यापर्यंत.

सकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं:
बिघाड नाही. आत माणूस होता.
मामांना वेगळा युजर करून दिला, त्यांच्या नावाचा.
आता पासवर्ड सांगा, म्हटलं.
त्यांनी दाराकडे पाहिलं, वाकले,
कानाशी आले,
"तेलुगूत चालेल का?"