हयची काय थयची

निवतीला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते,
म्हणून रात्री गच्चीवर, टाकीला टेकून,
मांडीवर लॅपटॉप, पायाशी डासांची अगरबत्ती.
पडद्यावर अकरा ठिपके.
निळ्या गाळणीत नाहीत, हिरवीत नाहीत,
तांबड्याच्याही पलीकडे, जिथं डोळा संपतो
तिथं एकेक उगवतो,
भातात खडा लागावा तेवढाच.

खरे असतील तर
विश्व सत्तर कोटी वर्षांचं होतं तेव्हाचे हे,
आणि वजन दहा हजार कोटी सूर्यांचं.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ठीक,
पण पाळण्यात मिशा?
खोटे असतील तर
जवळच्याच कुठल्या दीर्घिका, धुळीनं माखलेल्या,
लांबचा आव आणणाऱ्या.

खाली धक्क्यावर भिवा खवणेकर,
हातात एका डोळ्याची फुटकी दुर्बीण.
त्याचेही ठिपके आहेत, क्षितिजावर, पांढरेफटक:
एलईडीवाल्या बोटी,
मासळीला रात्रीच दिवस दाखवून ओढणाऱ्या.
बारा मैलांच्या आत की बाहेर, एवढंच त्याला हवंय.
जवळचा बारीक दिवा, लांबचा मोठा दिवा,
डोळ्याला दोन्ही सारखेच.
मत्स्यखात्याचा साहेब म्हणतो, आधी अंतर सांगा.
मलाही तेच कळवलंय,
जरा सभ्य भाषेत.

"उजेड पाण्यार सांडता काय बघ," भिवा म्हणतो,
"सांडलो तर हयची. नायतर थयची."

माझ्या उजेडाला सांडायला पाणी नाही.
तो उसवायचा धाग्याधाग्यानं,
आत हायड्रोजनची एक रेघ शोधायची,
ती घरापासून किती सरकलीय ते मोजायचं.
त्यासाठी रांगेत नंबर लागतो. माझा लागला मे महिन्यात.

पहाटे टाकीजवळ फाइल उतरली, थेंब थेंब.
आठ हयचे. धूळ.
दोघांत काहीच नाही, नुसती खरखर.
एक थयचा.
वजन अर्ध्यावर आलं,
तरी त्या वयाला जास्तच.

सांगायला कुणी जागं नव्हतं.
किनाऱ्यावर रापण ओढत होते, तेवढेच.
गेले, दोराला हात लावला, तळवे सोलले.
जाळं वर आलं तेव्हा म्हणाले, "सगळी मोठीच गावली की!"
भिवानं जाळ्याची आस ताणली,
दोन बोटं आत घालून हलवून दाखवली.
"बारकी हेच्यातसून गेली.
जाळा तुका मोठीच दाखयतला."

मी तिथंच बसले.
ओल्या वाळूत बोटानं
अकराची बेरीज पहिल्यापासून मांडायला घेतली,
न सापडलेल्यांसाठी जागा सोडून.
लाट आली.
जरा वर सरकले.