वजाबाकी

पाच टेंभरं. दोन गेली. उरली किती?
पहिलीचा वर्ग गप्प.
जंगू आत्राम उभा राहिला, चड्डीचं बटण चाचपत:
"गेले कोठी, बाई?"

नवी होते तेव्हा म्हटलं असतं, खाली बस.
बारा वर्षं झाली या शाळेत.
मोहफुलांच्या दिवसांत अर्धी हजेरी जंगलात असते,
उरलेलीच्या बोटांना वास येतो.
एवढंच शिकले:
घाई माझी असते, पोराची नसते.

"सांडली असतील," मी म्हटलं.
"मंग हुडकू ना."

हुडकली. सतरंजीखाली, खिचडीच्या गंजाआड.
खडूचा तुकडा निघाला, एक मेलेला भुंगा,
लच्छीची दिवाळीपासून हरवलेली रिबीन.
टेंभरं नव्हतीच कुठे;
फळ्यावर मी नुसते गोल काढले होते.

घंटा झाली. उत्तर राहिलं.
फळा पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी जंगूनं सदऱ्याच्या ओच्यातून
खरी आणली, सात.
दोन मला, दोन लच्छीला.
उरलेली मोजली. एक खाल्लं.
बी थुंकून पुन्हा मोजली.

"आता दोन, बाई.
बाकीचे कोठी गेले थे मालूम हाय मले."