पाणीपाळी

मीटिंग साडेनऊची होती, ती साडेचारवर गेली.
इथे त्याबद्दल माफी मागत नाहीत,
खजूर पुढे करतात, कहावा ओततात
आणि म्हणतात, तोवर गाव बघून या.
मग निझव्यात मी पायीच निघालो.
खांद्याला बॅग, बॅगेत चकचकीत कॅटलॉग :
साडेसात ते साठ अश्वशक्ती,
हजार फुटांखालचंही पाणी वर ओढणारे आमचे पंप.

किल्ल्याचा गोल बुरूज सगळेच बघतात.
मी बघितला, घाम पुसला,
मडकीवाल्यांच्या मागून डावीकडे वळलो
आणि वाट संपली तिथे पाणी सुरू झालं.

हातभर रुंद, गुडघ्याला न पोचणारं.
मातीच्या दोन भिंतींमधून चाललेलं,
एका घराच्या पायरीखाली बुडून
पलीकडे मशिदीच्या अंगणात निघणारं.
काठाच्या दगडावर एकच पाऊल मावतं,
दुसरं हवेत धरून विचार करावा लागतो.
या शहरात रस्ते मागाहून आले असावेत.
भिंतीसुद्धा पाण्याकडे बघून वळतात.

आधी पिण्याचं. तिथे साखळीने बांधलेला पेला.
मग वुजूचं. मग पुरुषांच्या आंघोळीचं.
पडदीपलीकडे बायकांचं, तिथून मी मान खाली घालून गेलो.
मग एक बिनखिडकीची खोली, तिच्यातूनही पाट जातो.
इथे मेलेल्यांना धुतात, मोक्तार म्हणाला.
आणि लगेच पुढे केळी, लिंबं, खजुरी.
मेलेल्यांनंतर केळी.
मला कसंसं झालं. मग नाही झालं.

मोक्तार बारिसालचा. अकरा वर्षं इथे दारं धरतो.
‘दारं धरतो’ हे माझं. तो म्हणाला, पानी घुमाता हूँ.
गोणपाटाचा बोळा आणि एक चपटा दगड,
एवढंच त्याचं दार.
त्याने दगड उचलला
तशी बुटात माझी बोटं आखडली.
वाफ्यात शिरणारं पाणी आधी बोटांना कळतं.
हे कळलं होतं साक्रीकडे, पांझरेच्या फडावर,
नानांच्या मागे फावडं ओढताना.
नाना पाटकरी. कुणी भांडत आलं की एवढंच म्हणायचे,
‘पानी कोना बापनं नही. पाळी ऱ्हास.’

इथे पाळी काठीची.
मोकळ्या जागेत एक काठी उभी,
तिची सावली या दगडावरून त्या दगडावर जाईतो
पाणी एका बागेचं, मग दुसऱ्या.
रात्री हेच काम तारे करायचे.
खलफान म्हणून म्हातारा तिथे बसलेला, हिशेब त्याच्याकडे.
मोबाइल त्याच्या खिशात होता, वाजलासुद्धा.
वेळ मात्र त्याने काठीला विचारली.

वरच्या अंगाला एक पाट कोरडा पडलेला.
आत पिशव्या, एक लहान मुलाची चप्पल.
का, म्हणून विचारलं
तर मोक्तारने हनुवटी डोंगराकडे केली,
नव्या फार्महाउसांच्या पांढऱ्या भिंतींकडे.
मोटर लगाया, म्हणाला.
दोनच शब्द.

मग खलफानने विचारलं,
मोक्तारने हिंदीत आणलं : काम काय करता?
मी ओल्या काठावर बसलो होतो,
पँट भिजू नये म्हणून कॅटलॉग खाली घेऊन.
पंधरा अश्वशक्ती नेमकी बुडाखाली.
म्हणालो, बाप पाटकरी होता.
मोक्तारला हे समजवायला मला चार वाक्यं लागली,
खलफानला सांगायला त्याला एकच शब्द पुरला.
म्हातारा सरकला. जागा करून दिली.
सावली दगडाला टेकायला अजून बोटभर होती,
आम्ही तिघं ती बघत बसलो.

साडेचारला गेलो. जावंच लागतं.
कॅटलॉग टेबलावर ठेवला.
मागची पानं भिजून एकमेकांना धरून बसलेली,
साहेबाने नखाने सोडवून पाहिली, सुटेनात.
एरवी मी हात पुढे केला असता.